प्रेरणाला सांगायचं नाही

कोकिळा गुरुवारी सकाळी गेली आणि नऊ वाजेपर्यंत घरात एक गोष्ट ठरली होती. प्रेरणाला सांगायचं नाही.

कोकिळा माझी बायको. प्रेरणा आमची एकुलती एक मुलगी. नऊ महिन्यांपूर्वीच तिचं लग्न झालं होतं, सासर केळझरला, आणि तिला सातवा महिना लागला होता. पुढच्या सोमवारी कोकिळा तिला बाळंतपणासाठी आमच्याकडे सिंदीला आणणार होती. आतल्या खोलीत खाट लावून ठेवली होती.

सिंदी रेल्वेला आमचं बारदान्याचं दुकान आहे. पोती, सुतळी, दाभण. त्या सकाळी मी दाढी करत होतो आणि ती नळाचं पाणी भरत होती. बादली पडल्याचा आवाज आला. मी तोंडावर फेस घेऊन लगेच बाहेर गेलो नाही. वाटलं, सांडली असेल. दोन मिनिटांनी गेलो. डॉक्टर घरी आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि डोक्यातली नस फुटली असावी म्हणाले. बेचाळीस वर्षांची होती.

माझे मोठे भाऊ नत्थूजी आठ वाजता आले आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. कोकिळेची बहीण चंद्रपूरहून यायची होती, म्हणून माती तीन वाजता ठरली. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बबन, पोरीले काई सांगू नोको. मी नीलेशशी बोललो. तो एकटाच येते."

नीलेश माझा जावई.

"अन् तिनं विचारलं त?"

"सांगजो, आईले नागपूरले भरती केलं. तिथं फोन चालत नाई."

"किती दिवस सांगू?"

"बाळंत होयेपर्यंत. अडीच महिने. निघून जातेत. पोटुशी बाईले मौतीची खबर देत नाई, हे का तुले आज नवीन आहे?"

नवीन नव्हतं. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. एक गेली, आता दुसऱ्या जीवाले घोर नोको."

साडेनऊला कोकिळेचा मोबाईल वाजला. स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. सासरची माणसं वावरात गेली की प्रेरणा रोज त्याच वेळेला फोन करायची. रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या, जशी काही ती ऐकणार होती. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. मग माझ्या खिशातला वाजायला लागला. नत्थूजींनी हात पुढे केला. मी त्यांना माझा फोन दिला, फळीवरचा त्यांनी स्वतः घेतला, आणि दोन्ही बंद केले.

त्यानंतर मला बसवेना. लोक म्हणायचे बसा, मी बसायचो आणि उठायचो. मागच्या दारापर्यंत जायचो, परत यायचो. सगळ्यांना वाटलं हे दुःखानं होतं. दुःख होतंच. पण आमच्या घरात ही गोष्ट आधी एकदा झालेली होती, आणि ती करणारा मी होतो.

ते नव्वद सालचं. प्रेरणा पोटात होती, कोकिळेला सहावा महिना. तिचं माहेर समुद्रपूरकडचं. गजेंद्र हा तिचा एकच भाऊ, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दर महिन्याला निळं आंतरदेशीय पत्र लिहायचा. पत्रात विशेष काही नसायचं. म्हैस व्याली, बाबांचा खोकला बरा आहे, तुझ्या मैत्रिणीचं लग्न जमलं. जानेवारीत विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून तो जागच्या जागी गेला. मी आणि नत्थूजी मातीला जाऊन आलो. जाताना कोकिळेला सांगितलं, माल आणायला हिंगणघाटला चाललो.

माझ्या आईनं, अनुसयाबाईनं, घरात सगळ्यांना ताकीद दिली. कोणी तोंड उघडायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिला पाठवता येत नव्हतं. आईनं सांगितलं, तुझ्या माहेरी गोवर निघाला आहे. मग भावाची पत्रं येईनात म्हणून कोकिळा विचारायला लागली. रोज नाही. चार दिवसांनी एकदा, भाकरी टाकता टाकता, माझ्याकडे न बघता.

तेव्हा मी पत्र लिहिलं. गजेंद्रच्या नावानं. त्याची जुनी पत्रं समोर ठेवून त्याच्यासारखं अक्षर गिरवलं, म्हशीचं लिहिलं, बाबांच्या खोकल्याचं लिहिलं, आणि सिंदीचा शिक्का नको म्हणून सेलूला जाऊन टाकलं. अशी तीन पत्रं लिहिली. तिसरं चांगलं जमलं होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे खोटं कशाला बोलू. ती वाचायची, घडी घालायची आणि म्हणायची, "बरं आहे म्हणते दादा."

एप्रिलमध्ये प्रेरणा झाली. सव्वा महिन्यानंतर आईनं कोकिळेला गजेंद्रचं सांगितलं. ती रडली नाही. आई म्हणाली, पाह्य, पोरीच्या सुखात दुःख हलकं झालं. आम्ही सगळ्यांनी तेच मानलं.

प्रेरणा मात्र जन्मापासून पोट धरून रडायची. मोठी झाली तरी तेच. जेवली की दुखायचं, भूक लागली की दुखायचं, परीक्षा आली की जास्त. बेंबी सरकली म्हणून आम्ही तिला गावातल्या भागीरथाबाईकडं न्यायचो, ती तेल लावून पोट उतरवायची. जंताचं औषध झालं. एक्स-रेचे फोटो झाले, सोनोग्राफी झाली, तोंडातून नळी घालून पाहिलं. सगळं नॉर्मल. जितकं नॉर्मल यायचं तितका मी चिडायचो. आठवीत चाचणीच्या दिवशी ती पोट धरून बसली, तेव्हा मी म्हणालो, "तुयं पोट शाळेची घंटा ऐकूनच दुखते काय?" आणि हाताला धरून शाळेत सोडून आलो. अकरा वाजता शिपाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आला. घामानं फ्रॉक भिजला होता. कोकिळेनं तिला पोटाशी धरून आत नेलं. ती कधीच म्हणाली नाही की पोरगी नाटक करते. सासूसमोर नाही, माझ्यासमोर नाही.

त्याच वर्षी आम्ही सेवाग्रामला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या. त्यांनी कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि मला विचारलं, "ही पोटात असताना आईला काही त्रास, काही धक्का, काळजी?"

मी म्हणालो, "नाई. सगळं बराबर होतं."

कोकिळा म्हणाली, "नाई, डॉक्टरबाई. बराबर नव्हतं."

चौदा वर्षांनंतर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेही एका अनोळखी बाईसमोर. माझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तिला कळलं होतं की भाऊ गेला. अक्षरावरून नाही. पत्रावर माहेरचा नाही, सेलूचा शिक्का होता, आणि तिचा भाऊ तिला लाडानं शेंगा म्हणायचा. ते घरातलं नाव पत्रात कधी लिहायचा नाही, पण प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात एक शेंग काढायचा. माझ्या पत्रात ती नव्हती. त्याच्या जुन्या पत्रांत मी ती शेंग पाहिली होती. मला वाटलं शाई पडली.

"मंग तू बोलली काऊन नाई?" मी तिथंच विचारलं.

"काय बोलू? तुमी सगळे लपवून राह्यले होते. मी रडली असती त सासूबाई म्हणाल्या असत्या, पोराले घोर लागन. म्हणून रातदिवस दाबून ठेवलं. अडीच महिने. तुमी पत्र आणलं की मले हासा लागे."

डॉक्टरीणबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात दिवसभर हालचाल चालते, वारा फिरतो, पण आपल्याला पत्ता लागत नाही. काही माणसांना तो पत्ता लागतो, आणि दुखतं. आतडं खराब नसतं, ते जास्त हळवं असतं. म्हणून फोटोत दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. आणि हे हळवेपण कधीकधी जन्माच्या आधीपासूनच येत असावं, असं काही लोकांना वाटतं. उंदरांवर तसे प्रयोग झाले आहेत. गाभण मादीला सारखं घाबरवत ठेवलं तर पिल्लांचं पोट पुढे जास्त दुखतं.

"पण माणसाचं असं छातीठोक सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कारणं पुष्कळ असतात. यावरून कुणी कुणाला दोष देऊ नका. एवढंच करा, हिला खोटारडी म्हणू नका."

प्रेरणा शेजारच्या स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होती.

परत येताना बसमध्ये मी कोकिळेला म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं." तेच मला जास्त लागलं. त्यानंतर पाच वर्षांत आम्ही तो विषय काढला नाही. प्रेरणाचं दुखणं गोळ्यांनी आणि खाण्याच्या वेळा सांभाळून कमी झालं, गेलं नाही.

हे सगळं त्या गुरुवारी माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि मी मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत चालत होतो. साडेअकराला मी स्कूटरची किल्ली घेतली.

नत्थूजी ओट्यावर उभे होते. "कुठी चालला?"

"केळझरले."

"बायकोचं मढं घरात ठेवून?"

"तीनच्या आत येतो."

"लोकं काय म्हणतीन, बबन? अन् पोरीले काई झालं त कोण भरून देईन? तू?"

  मी म्हणालो, "दादा, मांगच्या वेळी मी पत्रं लिहिली होती." त्यांना पत्रांचं माहीत होतं, पुढचं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "त्याचं आता काय?" मागून कौशल्याबाई कोणाला तरी म्हणत होत्या, "जाऊ द्या त्याईले. डोस्कं ठिकाणावर नाई." मी स्कूटर सुरू केली.

अर्ध्या वाटेवर समोरून नीलेश मोटरसायकलवर आला. मला पाहून त्यानं गाडी वळवून बाजूला लावली.

"मामाजी, तुमी इकडं?"

"तिले सांगाले चाललो."

तो खाली बघत राहिला. शेतकरी पोरगा, बोलणं कमी. "मी तिले म्हणलं, खतासाठी सेलूले जातो. तिनं विचारलं, खताले पांढरा शर्ट काऊन?"

"मंग तू काय म्हणला?"

"काई नाई म्हणलं. गाडीले किक मारली."

 मग तो म्हणाला, "आई लय चिडन," आणि माझ्या मागे परत फिरला.

शकुंतलाबाई, नीलेशची आई, दारातच होत्या. आम्ही दोघं आलेले पाहिले आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी आपल्या पाठीमागचं दार ओढून घेतलं. व्याही बंडूजी ओसरीवरच्या खाटेवरून उठून उभे राहिले.

"भाऊ," शकुंतलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यावर डोंगर कोसळला, मले मालूम आहे. पण हे करू नोका. सातवा महिना आहे. माया घरचं पहिलं लेकरू आहे."

"माया घरचंबी पहिलंच आहे, इनबाई."

"मंग असं काऊन करून राह्यले? दोन महिने थांबा. मी सांभाळतो तिले. हसवत ठेवतो."

"तिच्या आईलेबी आमी हसवत ठेवलं होतं."

मी त्यांना गजेंद्रचं सांगितलं, पत्रांचं सांगितलं. उभ्या उभ्या, भराभर. डॉक्टरीणबाईंचंही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "उंदराचं माणसाले लागू होते काय?"

"डॉक्टरीण म्हणे सांगता येत नाई."

"मंग? सांगता येत नाई त जीव धोक्यात काऊन घालता? तुमच्या बायकोनं सहन केलं ना? पोरगी झाली ना धडधाकट?"

"झाली. एकोणीस वर्षं पोट धरून बसली."

बंडूजी म्हणाले, "ईवाईजी, सांगतलं अन् धक्क्यानं काई झालं, मंग?"

"मलेबी तेच भेव वाटते."

"भेव वाटते अन् तरी सांगता?"

मी हो म्हणणार होतो की नाही, मला आठवत नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि प्रेरणा बाहेर आली. पदरात मुगाच्या शेंगा होत्या, सोलत बसली असावी. तिनं नीलेशचा पांढरा शर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, दाढी अर्धीच काऊन केली?"

मी गालावर हात नेला. एका बाजूला खुंट होते, दुसऱ्या बाजूला साबण वाळला होता. सकाळपासून कोणी सांगितलं नव्हतं.

"बस बेटा."

"मी उभीच बरी आहे. आईचा फोन बंद आहे. तुमचाबी बंद आहे. सांगा."

शकुंतलाबाईंनी माझा दंड धरला. धरला म्हणजे जोरात धरला. मी म्हणालो, "तुयी आई सकाळी गेली. पाणी भरताना पडली. डोक्यातली नस फुटली. तिले समजलंबी नसन, असं डॉक्टर म्हणाले."

शेंगा खाली पडल्या. ती भिंतीला टेकली, हळूहळू खाली बसली आणि पोटाला दोन्ही हात लावून वाकली. तिचा चेहरा पांढरा पडला. नीलेश गाडी काढायला धावला. शकुंतलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला बसल्या. मी तिथं उभा होतो आणि माझे पाय हलत नव्हते. सकाळपासून पहिल्यांदा.

"कुठी दुखते?" शकुंतलाबाई विचारत होत्या. "कमरेतून येते काय? कळ येते काय?"

प्रेरणानं मान हलवली. दात आवळून म्हणाली, "हे ते नाई, आई. हे मायं आहे. लहानपणचं. थांबा थोडं."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मग ती रडली. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि असा आला की समोरच्या घरातून बायका बाहेर आल्या. शकुंतलाबाईंनी तिला गप्प केलं नाही. तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याही रडायला लागल्या. त्यांनी कोकिळेला तीन-चार वेळाच पाहिलं होतं. मी खाली बसून मुगाच्या शेंगा गोळा करत होतो. दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

शांत झाल्यावर प्रेरणा म्हणाली, "मले पाह्यचं आहे."

"पोटुशीनं मढं पाहू नाई, बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या, पण आता आवाजात जोर नव्हता.

"आई, तुमी सोबत चला. तुमी म्हणसान तेवढ्या दुरून पाहीन."

त्या उठल्या, आत गेल्या, साडी बदलून आल्या. "तुमच्या चुलतभावाची जीप सांगा," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "मोटरसायकलवर नाई बसू देनार मी तिले."

तीनला दहा मिनिटं असताना जीप आमच्या दारात उभी राहिली. नत्थूजी दारातून बाजूला झाले. प्रेरणा उंबऱ्याच्या आत आली, सासूनं तिचा हात सोडला नाही. तिथूनच तिनं आईला पाहिलं. मग ती आणखी चार पावलं पुढे गेली आणि शकुंतलाबाईही तिच्यासोबत पुढे गेल्या.

मी बरोबर केलं असं म्हणत नाही. त्या रात्री तिचं बीपी वाढलं आणि दोन दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. नत्थूजींनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्या दोन दिवसांत काही झालं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

दिवाळीनंतर महिन्याभरानं तिला सासरीच मुलगा झाला. अडीच किलोचा. मी दर तिसऱ्या दिवशी केळझरला जातो. दुकान बंद करतो, उघडतो, पुन्हा बंद करतो, एका जागी मन लागत नाही. परवा गेलो तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि पोरगा रडत होता. पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून. मी उठलो, अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"बाबा, बसा ना एका जागी," प्रेरणा म्हणाली. तिनं त्याला खांद्यावर घेतलं होतं.

"पोट दुखत असन त्याचं?"

"असू शकते. लहान पोरं रडतातच. नाईतर दुखतबी असन."

"तुयासारखं?"

तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "आत्ता कसं सांगू? पण दुखत असन त मी त्याले नाटक करते म्हणणार नाई. अन् त्याची आजी मेली तवा मी पोटभर रडली, हेबी त्याले सांगीन."

आतून शकुंतलाबाईंनी चहा झाल्याचं सांगितलं. पोरगा अजून रडत होता. मी खाटेवर बसलो. पाच मिनिटं बसलो असेन.